सुरत: येणाऱ्यांचं शहर, जाणाऱ्यांचं शहर

1664 हे साल मराठी माणसाला सुरतेमुळे पाठ असतं. त्या जानेवारीत शिवाजी महाराज सुरतेवर चालून आले, वीरजी व्होराची पेढी लुटली गेली आणि इंग्रजांच्या वखारीचा प्रमुख जॉर्ज ऑक्झेंडेन दारं लावून वखार सांभाळत बसला. त्याच वर्षी सप्टेंबरात, सातासमुद्रापलीकडे, इंग्रजांनी डचांकडून न्यू अ‍ॅमस्टरडॅम नावाचं छोटं बंदर घेतलं आणि त्याचं न्यू यॉर्क केलं. त्या वेळी न्यू यॉर्कची वस्ती जेमतेम दीड हजाराच्या आसपास होती, तर सुरत मुघल साम्राज्याचं सर्वांत श्रीमंत बंदर होतं.

एक गोष्ट मात्र दोन्हीकडे सारखी होती. 1643 मध्ये न्यू अ‍ॅमस्टरडॅमला आलेल्या इझाक जोग नावाच्या फ्रेंच पाद्र्याने तिथे अठरा भाषा बोलणारी माणसं असल्याचं नोंदवून ठेवलं आहे. सुरतेच्या धक्क्यावर गुजराती, फारसी, अरबी, तुर्की, आर्मेनियन, डच, फ्रेंच, इंग्रजी ऐकू येत असे. पारशी, बोहरी, जैन, नागर, हबशी सारे एकाच कोटाच्या आत राहत. कतारगामच्या बाजूला इंग्रजांची जुनी दफनभूमी आहे. ऑक्झेंडेन बंधूंची कबर तिथे मुसलमानी घुमटाखाली आहे. जवळच डचांच्या दफनभूमीत हेंड्रिक व्हॅन रीडची भव्य समाधी आहे. मलबारच्या वनस्पतींवर ‘हॉर्टस मलाबारिकस’ हा बारा खंडांचा ग्रंथ करवून घेणारा हाच माणूस. 1691 मध्ये समुद्रप्रवासात त्याला मृत्यू आला आणि देह सुरतेला आणला गेला. परदेशात मरणाऱ्यानेही इथल्या घडणीचीच छत्री बांधून घ्यावी, यातून मला त्या काळची सुरत दिसते.

पुढे मुंबई वाढली आणि सुरत मागे पडली. तरी माणसांची ये-जा थांबली नाही. मराठी व्याकरणकार दादोबा पांडुरंग तर्खडकर सुरतेच्या इंग्रजी शाळेत शिकवायला होते. 1844 मध्ये दुर्गाराम मेहताजींसोबत त्यांनी इथे मानवधर्म सभा काढली. जातिभेद न मानणारी मुंबईची परमहंस सभाही त्यांचीच, पण ती त्यानंतरची. म्हणजे जातिभेदाविरुद्धच्या मराठी चळवळीचं एक मूळ सुरतेच्या गल्लीत आहे.

आजची सुरत मात्र विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात घडली. 1951 च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या होती 2 लाख 23 हजार. 1981 ला ती पावणेआठ लाखांच्या घरात गेली, 2011 ला 44 लाख 67 हजारांवर. हद्दवाढ धरली तरी ही वाढ पाळण्यांतून झालेली नाही, रेल्वेने झाली आहे. सौराष्ट्रातले पटेल हिरे घासायच्या चाकावर, म्हणजे घंटीवर बसले, ओडिशाच्या गंजाम जिल्ह्यातली माणसं यंत्रमागांवर उभी राहिली, उत्तर प्रदेश-बिहारची माणसं रंगाई-छपाईच्या मिलमध्ये गेली. आणि आपलं खानदेश आलं उधना, लिंबायत, डिंडोली, पांडेसऱ्यात.

याच सुरत जिल्ह्यातून दुसरी वाट अमेरिकेकडे गेली. ती समजायची तर अमेरिकेचा कायदा थोडा पाहावा लागतो, कारण हा देश स्थलांतरितांचा असला तरी त्याचं दार सगळ्यांना सारखं उघडं कधीच नव्हतं. मूळच्या रहिवाशांच्या जमिनी गेल्या होत्या. आफ्रिकेतल्या माणसांना बेड्या घालून आणलं होतं. न्यू यॉर्कजवळच्या एलिस बेटावर 1892 ते 1954 या काळात सुमारे सव्वा कोटी लोक उतरले, त्यात बहुतेक युरोपीय होते. चिनी मजुरांना 1882 सालीच बंदी झाली. 1917 ला ती जवळपास साऱ्या आशियाला लागू झाली. 1923 मध्ये भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की भारतीय माणूस कायद्याच्या अर्थाने गोरा नाही, म्हणून तो नागरिक होऊ शकत नाही. मग ज्यांना आधी नागरिकत्व मिळालं होतं, त्यांचंही काढून घ्यायला सरकारने सुरुवात केली.

थिंद यांचे वकील होते सखाराम गणेश पंडित. जन्म अहमदाबादचा, वकिली लॉस एंजेलिसची, 1914 पासून अमेरिकी नागरिक. पुढे त्यांच्यावरच नागरिकत्व रद्द करण्याचा दावा झाला. पंडितांनी न्यायालयाला सांगितलं, की या नागरिकत्वावर विसंबून मी घर घेतलं, लग्न केलं, वकिलीची सनद घेतली. आता ते काढलंत तर माझं सारं आयुष्यच काढून घ्याल. खालच्या दोन्ही न्यायालयांनी ते मान्य केलं आणि 1927 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारचं अपील ऐकायलाच नकार दिला. भारतीयांविरुद्धच्या इतर दाव्यांचा जोर त्यानंतर ओसरला. मराठीत या माणसाची आठवण फारशी निघत नाही, याचं मला वाईट वाटतं.

अशा बंद दारांच्या काळात सुरत जिल्ह्याचे कांजीभाई देसाई कागदपत्रांशिवाय कॅलिफोर्नियात पोचले आणि शेतात राबले. 1942 मध्ये सॅक्रामेंटोत एक छोटं हॉटेल त्यांच्या हाती आलं. ते कसं आलं, हे नीट पाहायला हवं. हॉटेल जपानी वंशाच्या कुटुंबाकडे होतं. जपानशी युद्ध पेटल्यावर अध्यक्ष रूझवेल्ट यांच्या फेब्रुवारीतल्या हुकमाने पश्चिम किनाऱ्यावरच्या सुमारे एक लाख वीस हजार जपानी वंशाच्या लोकांना घरं-दुकानं सोडून छावण्यांत जावं लागलं. त्यातले बहुतेक अमेरिकेत जन्मलेले नागरिक होते. एका स्थलांतरिताला उठवलं गेलं आणि त्याच्या गल्ल्यावर दुसरा स्थलांतरित बसला. यात कांजीभाईंचा दोष काहीच नाही. पण अमेरिकेतल्या गुजराती मोटेलवाल्यांच्या, म्हणजे पटेल-मोटेलच्या यशोगाथेचं पहिलं पान असं आहे आणि ते वगळून ती सांगू नये.

युद्धानंतर कांजीभाईंनी सॅन फ्रान्सिस्कोत गोल्डफिल्ड हॉटेल चालवलं. नवा गाववाला आला की त्याची झोपायची सोय तिथे होई, आणि स्वतःचं हॉटेल भाड्याने घे असा सल्लाही मिळे. हातउसने पैसे ओळखीच्यांकडून येत. लेखी काही नसे. नवरा गल्ल्यावर, बायको खोल्या झाडायला, मुलं चादरी घड्या करायला, आणि साऱ्यांचं बिऱ्हाड गल्ल्यामागच्या दोन खोल्यांत. नोकर ठेवायचा नाही, भाडं भरायचं नाही, म्हणून तोट्यातलं मोटेलही तरून जाई.

1946 साली भारतीयांना नागरिकत्व मिळू लागलं, पण नव्याने येणाऱ्यांसाठी वर्षाला फक्त 100 जणांचा कोटा होता. खरा पालट झाला 3 ऑक्टोबर 1965 ला. लिंडन जॉन्सन यांनी स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्यापाशी नव्या कायद्यावर सही केली आणि वंशावर बेतलेला कोटा गेला. शिकलेल्यांना आणि आधी आलेल्यांच्या नातलगांना प्राधान्य मिळालं. पहिल्या वाटेने पुण्या-मुंबईचे मराठी डॉक्टर, इंजिनिअर गेले. दुसरी वाट बारडोली, नवसारी, कामरेजच्या पाटीदारांनी पुरेपूर वापरली. भावाने भावासाठी ‘फाईल टाकायची’ आणि ती ‘उघडायची’ वाट बघायची, ही भाषा इथल्या घराघरात आहे. ती वाट आता पंधरा वर्षांहून लांबली आहे. आज अमेरिकेतली निम्म्याहून जास्त हॉटेलं भारतीय वंशाच्या मालकांची आहेत आणि त्यात मोठा वाटा गुजरातींचा आहे. 1980 च्या दशकात शेजारच्या मोटेलवाल्यांनी ‘अमेरिकन मालकीचं’ अशा पाट्या लावून गिऱ्हाईक तोडायचा प्रयत्न केला होता. अशा वागणुकीशी लढायलाच 1989 मध्ये या हॉटेलमालकांची देशव्यापी संघटना उभी राहिली.

आता बारडोलीच्या उसाच्या एका फडाकडे या. मालकाचा मुलगा अमेरिकेत आहे. पूर्वी याच शेतात पिढ्यान्‌पिढ्या वेठीने राबलेला हळपती आदिवासी मजूर शेजारच्या वस्तीत बसून आहे. आणि ऊस तोडायला आली आहे धुळे-नंदुरबारची टोळी. मुकादमाकडून पावसाळ्यातच उचल घेतलेली, नवरा-बायको मिळून एक कोयता, पाचटाच्या खोपीत बिऱ्हाड. हळपती हाताशी असताना बाहेरची माणसं का? डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन 1962 पासून दक्षिण गुजरातच्या मजुरांचा अभ्यास करत आले. त्यांचं उत्तर असं, की घरापासून तुटलेला, उचलीने बांधलेला मजूर दिवसरात्र कामावर बोलावता येतो आणि हंगाम संपला की परत पाठवता येतो. इथला माणूस हक्क मागेल. आलेला मागत नाही. हे कॅलिफोर्नियाच्या फळबागांनाही तंतोतंत लागू पडतं. तिथे चिनी गेले की जपानी, मग पंजाबी, फिलिपिनो, मेक्सिकन आणले गेले.

खानदेशातून सुरतेला शहरात येणाऱ्यांची वाट थोडी निराळी होती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तापीच्या खोऱ्यातून रेल्वे झाली आणि अमळनेर, दोंडाईचा, नंदुरबार सरळ सुरतेला जोडले गेले. 1972 च्या दुष्काळाने शेतं मोडली. नंतर अमळनेरची प्रताप मिल, जळगावची खानदेश मिल बंद पडली. इकडे कृत्रिम धाग्याचं कापड जोरात होतं. भुसावळ पॅसेंजरने उधन्याला उतरायचं, गावच्या कुणाच्या तरी खोलीत सामान ठेवायचं, तोच ओळखीने मिलमध्ये किंवा रिंग रोडच्या मार्केटात चिकटवून देणार. गोल्डफिल्ड हॉटेल आणि लिंबायतची दहा बाय दहाची खोली, दोन्हींचं काम एकच. बाई घरी बसून साड्यांचे धागे कापते, खडे चिकटवते. तिची मजुरी नगावर, आणि तिच्या कामाची नोंद कुठल्याच हजेरीपटावर नसते. मोटेलच्या खोल्या झाडणाऱ्या सुरती बाईलाही पगारपत्रक नव्हतं.

नागपंचमीनंतरच्या रविवारी लिंबायत-डिंडोलीत खानदेशची देवी कानबाई बसते. घरातल्या पुरुषांच्या संख्येवर मुठीने गहू मोजायचे, ते दळून त्याचे रोट करायचे आणि भाऊबंदांतच खायचे, असा रिवाज. नारळाला डोळे, नथ, दागिने लावून कानबाई सजते, रात्रभर अहिराणी गाणी चालतात, सोमवारी तिला डोक्यावर घेऊन तापीवर नेतात. भाऊबंदांना एकत्र जमवायला लावणारा हा सण आहे. त्यामुळे कोण कुठल्या गल्लीत राहायला गेलं, कुणाचं काम सुटलं, कुणाची मुलगी लग्नाची झाली, हे त्या दोन दिवसांत कळतं. तापी तर खानदेशातूनच वाहत आलेली.

संकटात मात्र आलेला माणूस किती उघडा असतो, ते सुरतेने दोनदा दाखवलं. सप्टेंबर 1994 मध्ये प्लेगची बातमी पसरली आणि काही दिवसांत लाखो लोक शहर सोडून पळाले. त्यानंतर आयुक्त एस. आर. राव यांनी शहर असं झाडून काढलं की देशभर त्याचं नाव झालं. एप्रिल 2020 मध्ये टाळेबंदीत अडकलेले गंजामचे मागकामगार घरी पाठवा म्हणत रस्त्यावर आले. एका मेसमध्ये पाळीपाळीने झोपणारी ही माणसं. माग बंद पडल्यावर सगळ्यांना एकाच वेळी झोपायला जागाच नव्हती.

तरीही सुरतेने एक काम फार मोठं केलं आहे. इथल्या महापालिकेच्या शाळा सात माध्यमांतून चालतात: गुजराती, मराठी, हिंदी, उर्दू, ओडिया, तेलुगू आणि इंग्रजी. मुंबई महापालिकेचीही अशी परंपरा आहे, पण मराठी मुलाला परराज्यात त्याच्या भाषेतली सरकारी शाळा घराजवळ मिळावी, याचं मोल वेगळं. अमेरिकेतल्या मराठी मंडळांच्या शाळा सुट्टीच्या दिवशी, आईबापांच्या हौसेवर चालतात. तिथल्या पालकांना मराठी टिकवायची असते. लिंबायतच्या पालकांना मुलाने चटकन गुजराती-इंग्रजी शिकून मार्केटात हिशेबाला बसावं असं वाटतं. दोघांचंही बरोबर आहे.

राजकारणात दोन्ही वाटा वरपर्यंत पोचल्या. चंद्रकांत रघुनाथ पाटील आणि श्री ठाणेदार दोघेही 1955 चे. पाटील मूळ जळगाव जिल्ह्यातले, सुरतेत पोलीस शिपाई होते. 2009 पासून नवसारीचे खासदार, 2020 मध्ये गुजरात भाजपचे प्रदेशाध्यक्ष, 2024 मध्ये केंद्रीय मंत्री. 2019 ला ते 6 लाख 89 हजारांच्या मताधिक्याने निवडून आले. ठाणेदार बेळगावकडचे, 1979 ला अमेरिकेला शिकायला गेले आणि 2022 ची निवडणूक जिंकून डेट्रॉइट भागातून अमेरिकी काँग्रेसचे सदस्य झाले. ठाणेदारांवर मराठी वृत्तपत्रांत रकानेच्या रकाने आले. खानदेशी माणसाने परराज्यात सत्ताधारी पक्षाचं अध्यक्षपद मिळवणं आपण तितक्या कुतूहलाने पाहिलं नाही. कदाचित त्यात आपल्याला अवघड जाणारा प्रश्न आहे: मुंबईत ‘बाहेरचा’ म्हणून ज्याच्याकडे बोट दाखवतो, तोच सुरतेत आपला मामा, आपला चुलता असतो.

मोटेलवाल्या पटेलांची पुस्तकं निघाली. महेंद्र दोशींचं ‘सुरत टू सॅन फ्रान्सिस्को’ तर म्हाताऱ्या हॉटेलवाल्यांच्या आठवणींवरच उभं आहे. 1972 च्या आसपास उधन्याला उतरलेली खानदेशी पिढी आता सत्तरी ओलांडते आहे. दिवाळीत सुरतेची मार्केटं, माग, हिऱ्याच्या घंट्या बंद होतात आणि ही माणसं शिरपूर, शहादा, चोपडा, पारोळ्याला गावी येतात. हा अंक तिकडे वाचणाऱ्यांनी आपल्या गल्लीतल्या सुरतवाल्या काकांना आणि विशेषतः काकूंना सवडीने विचारावं: कुठल्या गाडीने गेलात, पहिली रात्र कुणाच्या खोलीत काढलीत, पहिला पगार किती मिळाला, धागे कापायचे नगाला किती पैसे मिळत, प्लेगात परत कसे आलात. फोनवर ध्वनिमुद्रण करून ठेवा, तारीख आणि गावाचं नाव आधी बोलून घ्या.