रूळ गेले, वाट राहिली

एखादी मालमत्ता तोट्यात गेली की तिचे तुकडे करून मिळेल त्या भावाने विकावे, असा व्यवहाराचा सामान्य कल असतो. परंतु काही मालमत्तांचे मोल त्यांच्या सलगपणातच असते. अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्यातील ‘वॉशिंग्टन अँड ओल्ड डोमिनियन ट्रेल’ हे त्याचे बोलके उदाहरण होय. बंद पडलेल्या रेल्वेच्या जागेवर उभा राहिलेला हा सुमारे 45 मैलांचा, म्हणजे 72 किलोमीटरचा डांबरी मार्ग आज चालणाऱ्यांचा, जॉगिंग करणाऱ्यांचा आणि सायकलस्वारांचा झाला आहे.

या रेल्वेचा जन्मही व्यापारी गरजेतून झाला. बाल्टिमोरच्या रेल्वेमुळे पश्चिमेकडील माल त्या बंदराकडे वळू लागला, तेव्हा अलेक्झांड्रिया येथील व्यापाऱ्यांनी डोंगरापलीकडील कोळसा आपल्या बंदरात आणण्यासाठी हा लोहमार्ग योजला. 1860 मध्ये तो लीसबर्गपर्यंत पोहोचला. परंतु ब्ल्यू रिज पर्वत त्याने कधीच ओलांडला नाही आणि कोळशाचे स्वप्न अपुरे राहिले. पुढे रस्ते व ट्रक यांच्या स्पर्धेत प्रवासी गाड्या 1951 मध्ये थांबल्या. 1968 मध्ये मालगाड्याही थांबल्या व रूळ उखडले गेले.

खतावणीत हे खाते बुडीतच ठरले असते. काही भाग महामार्गासाठी गेला. पण उरलेली बहुतांश जागा वीज कंपनीने आपल्या तारांसाठी घेतली आणि शंभर फूट रुंदीचा तो पट्टा सलग राहिला. 1974 मध्ये फॉल्स चर्च येथे मार्गाचा पहिला छोटा भाग तयार झाला. त्याचा उपयोग पाहून प्रादेशिक उद्यान प्राधिकरणाने तो पट्टा टप्प्याटप्प्याने विकत घेतला आणि 1988 मध्ये मार्ग पर्सेलव्हिलपर्यंत पूर्ण झाला. विजेचे मनोरे आजही सोबतीला उभे आहेत. एकाच जमिनीवर वीजही वाहते आणि माणसेही चालतात.

वाफेच्या इंजिनाला तीव्र चढ झेपत नसे. म्हणून रेल्वे बांधणाऱ्यांनी टेकड्या खोदल्या, सखल भागात भराव घातले आणि वळणे सौम्य ठेवली. इंजिनासाठी केलेली ही व्यवस्था आता साठीतल्या गुडघ्यांच्या कामी येते. पूर्वेकडे वस्तीतून जाणारा हा मार्ग पश्चिमेकडे शेते, ओढे आणि गर्द झाडीतून जातो. क्लार्क्स गॅप येथील जुनी दगडी कमान, हर्नडनचे जतन केलेले स्थानक आणि झाडीत दिसणारी हरणे यांमुळे वाट कंटाळवाणी होत नाही.

हर्नडन, अ‍ॅशबर्न या भागांत भारतीय कुटुंबे मोठ्या संख्येने स्थायिक झाली आहेत. मुलांकडे काही महिने राहण्यास जाणाऱ्या आईवडिलांची खरी अडचण अशी की, मोटार चालवता येत नसेल तर दिवस चार भिंतींत जातो. आयुष्यभर पेढीवर शेकडो माणसांशी बोललेला गृहस्थ तेथे दूध आणण्यासाठीही मुलावर अवलंबून राहतो. हे अवलंबित्व मनाला लागते. मधुमेह आणि रक्तदाबही त्यासोबत वाढीस लागतात. घराजवळून जाणारी अशी वाट त्याला रोजचा एक तास तरी स्वतःच्या पायांवर परत देते.

मात्र तेथील शिस्त पाळणे अगत्याचे आहे. भारतातील सवयीच्या उलट, तेथे उजव्या बाजूने चालावे. मागून येणारा सायकलस्वार घंटी वाजवून किंवा आवाज देऊन डावीकडून पुढे जातो. त्या क्षणी आडवे वळू नये. जेथे मार्ग रस्ता ओलांडतो तेथे थांबावे आणि प्रथम डावीकडे पाहावे.

साधूंसाठी सांगितलेली ईर्यासमिती, म्हणजे पुढील चार हात जमीन पाहून पाऊल टाकणे, श्रावकालाही येथे उपयोगी पडते. पावसानंतर डांबरावर गांडुळे येतात; अशा वेळी धावण्याऐवजी सावकाश चालणेच योग्य. नवकारशी करणाऱ्यांनी सूर्योदयानंतरच्या 48 मिनिटांत पाण्यावाचून धावू नये; पच्चक्खाण पारून, पाणी घेऊन मगच वेग वाढवावा. मधुमेहींनी डॉक्टरांचा सल्ला आधी घ्यावा. जूनअखेर तेथे सूर्यास्त साडेआठच्या सुमारास होतो. त्यामुळे चौविहार करणाऱ्यांना सायंकाळचे भोजन लवकर आटोपून उजेडातच शतपावली करता येते.

या आणि अशा काही प्रयोगांनंतर अमेरिकेने 1983 मध्ये कायद्यातच तरतूद केली. बंद होणारा लोहमार्ग तुकडे न करता ठेवावा, तोवर तेथे पायवाट असावी आणि गरज पडल्यास पुन्हा रूळ टाकता यावेत. या व्यवस्थेला ‘रेलबँकिंग’ म्हणतात. जणू ती एक मुदत ठेवच असते. मुद्दल शाबूत राहते आणि व्याज लोकांच्या आरोग्याच्या रूपाने मिळत राहते.

शरीराचा हिशेबही याहून निराळा नाही. थोडे पण रोज, खंड न पडता चालणाऱ्याचीच शिल्लक वाढते. मुलांकडे जाताना बॅगेत खाकरे आणि मुखवास भरले जातात, त्याच वेळी चालण्याचे चांगले बूटही आठवणीने ठेवावेत.