नळदुर्गचा पाणीमहाल : बांधही, पूलही

धाराशिव जिल्ह्याच्या तुळजापूर तालुक्यात, सोलापूर–हैदराबाद महामार्गालगत नळदुर्गचा किल्ला आहे. त्याच्या अंगाने बोरी नदी वाहते. पलीकडच्या काठावर रणमंडळ हा छोटा जोडकिल्ला. दोहोंच्या मध्ये नदी अडवून घातलेला दगडी बांध हाच त्यांना जोडणारा पूल. विजापूरच्या दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या कारकिर्दीत, १६१३च्या सुमारास, मीर इमादीन या स्थापत्यकाराने तो उभारला.

रणमंडळ शत्रूच्या हाती लागले, तर तिथून नळदुर्गावर मारा करणे सोपे होते. म्हणून दोन्ही किल्ल्यांत शिबंदीची ये-जा बारमाही चालू राहणे गरजेचे होते. ती सोय बांधाच्या माथ्यावरच्या वाटेने झाली. शिवाय साठलेल्या पाण्याने किल्ल्याची तहान भागली आणि त्या बाजूला आयता खंदकही मिळाला.

खरी अडचण पुराची होती. उन्हाळ्यात रोडावणारी बोरी पावसाळ्यात दुथडी भरून वाहते. पाणी बांधावरून वाटेल तसे सांडू दिले, तर वाट बंद होते आणि कोसळणारे पाणी बांधाचा पायाच उकरू लागते. त्यामुळे जादा पाण्याला ठरावीक सांडवे ठेवले. तिथून पडणारे दोन धबधबे ‘नर’ आणि ‘मादी’ म्हणून ओळखले जातात.

बांधाच्या पोटात पाणीमहाल आहे. अंधाऱ्या, अरुंद दगडी पायऱ्या उतरून तिथे पोहोचता येते. डोक्यावरून नदी जात असताना आतली दालने कोरडी राहतात आणि नक्षीदार गवाक्षासमोर पाण्याचा पडदा कोसळत असतो. चारशे वर्षांपूर्वीच्या दगडकामाला याहून मोठी पावती नाही.

इराणमधल्या इस्फहानचा खाजू पूलही पूल, बंधारा आणि राजाची बैठक अशा तिन्ही कामांसाठी बांधलेला. तो सतराव्या शतकाच्या मध्याचा, म्हणजे नळदुर्गच्या नंतरचा. खाजूची जगभर वाखाणणी होते. नळदुर्गच्या बांधाकडे मात्र धबधब्याची जागा म्हणूनच पाहिले जाते. पूल म्हणून त्याची नोंद व्हायला हवी.

आता नर-मादी वाहणे वरच्या अंगाच्या बोरी धरणावर अवलंबून असते. ते भरून सांडू लागले, की धबधबे सुरू होतात. जाण्यापूर्वी धरण भरल्याची खात्री करून घ्यावी आणि बांधाच्या ओल्या, शेवाळलेल्या कडेपासून मुलांना दूर ठेवावे.