स्प्रिंगटेल कात टाकतो, मूत्रपिंडाचे काय?

बेल्जियममधील प्लोंबिएर येथे शिसे आणि जस्ताची जुनी खाण आहे. खाण केव्हाच बंद पडली, पण परिसरातील मातीत शिसे, जस्त आणि कॅडमियम हे धातू मुरले. तरीही तिथल्या पालापाचोळ्यात स्प्रिंगटेल नावाचा, जेमतेम काही मिलिमीटर लांबीचा सहा पायांचा जीव टिकून आहे.

हे कसे घडले, याचा शोध ॲमस्टरडॅमच्या शास्त्रज्ञांनी घेतला. स्प्रिंगटेलच्या आतड्यातील पेशी मेटॅलोथायोनिन नावाचे प्रथिन तयार करतात. हे प्रथिन कॅडमियमला घट्ट धरून ठेवते. हा जीव आयुष्यभर कात टाकतो आणि प्रत्येक वेळी आतड्याचे अस्तरही बदलतो. जुन्या अस्तराबरोबर धातू बाहेर पडतो. खाणीजवळच्या स्प्रिंगटेलमध्ये या प्रथिनाचे जनुक अधिक जोमाने काम करते. ज्यांच्यात हा गुण होता ते जगले, बाकीचे मागे पडले. पुढच्या पिढ्यांना तोच वारसा मिळाला.

हेच प्रथिन आपल्याही शरीरात असते. त्याचा शोध 1957 मध्ये घोड्याच्या मूत्रपिंडात लागला होता. माणसातही ते कॅडमियमला बांधून ठेवते, पण आपल्याला कात टाकता येत नाही. मूत्रपिंडात साठलेले कॅडमियम निम्मे व्हायलाच 10 ते 30 वर्षे लागतात. साठा वाढत गेला की लघवीतून प्रथिने जाऊ लागतात, पुढे हाडे ठिसूळ होतात. जपानमधील जिंझू नदीच्या खोऱ्यात खाणीच्या सांडपाण्यावर पिकलेला भात खाऊन असंख्य वेदना सोसलेल्या रुग्णांमध्ये वयस्क स्त्रियाच अधिक होत्या. त्या आजाराला ‘इताई-इताई’, म्हणजे ‘दुखतंय, दुखतंय’, हेच नाव पडले. 1968 मध्ये जपान सरकारने तो प्रदूषणजन्य आजार असल्याचे मान्य केले.

त्यामुळे मातीत किडे वळवळताना दिसले म्हणजे माती निर्धोक, असे समजू नये. स्प्रिंगटेलच्या अनेक पिढ्या काही वर्षांत होतात. माणसाच्या एका पिढीलाच पंचवीसेक वर्षे लागतात. उत्क्रांती आपल्या मदतीला वेळेत येणार नाही.

आपल्या हातात मात्र बरेच आहे. तंबाखूच्या पानात कॅडमियम साठते, म्हणून धूम्रपान टाळावे. शरीरात लोह कमी असेल तर अन्नातील कॅडमियम जास्त शोषले जाते. म्हणून स्त्रियांनी रक्तक्षय अंगावर काढू नये. आणि निकेल-कॅडमियमची जुनी बॅटरी कचऱ्यात न टाकता ई-कचरा संकलन केंद्रात द्यावी.