पावत्या दोन, विमा एक

महाड औद्योगिक वसाहतीतून निवृत्त होणारा एक कामगार धरू. फंड-ग्रॅच्युइटीतले चार लाख त्याने एका सहकारी बँकेच्या महाड शाखेत मुदत ठेवीत टाकले, तीन लाख त्याच बँकेच्या पोलादपूर शाखेत. उद्या बँक बुडाली, तर दोन्ही पावत्यांची मुद्दल आणि व्याज एकत्र धरून विम्यापोटी मिळतील फक्त पाच लाख. दुसरी पावती वेगळ्या बँकेची असती, तर सातही लाख सुरक्षित राहिले असते.

हा हिशेब करणारी संस्था म्हणजे ठेव विमा आणि पतहमी महामंडळ. बँकवाल्यांच्या तोंडी ‘डीआयसीजीसी’. मालकी पूर्णपणे रिझर्व्ह बँकेची, कचेरी मुंबई सेंट्रल स्थानकासमोर. 1960 मध्ये केरळची पलई सेंट्रल बँक आणि अकोल्याची लक्ष्मी बँक कोसळली, त्यानंतर 1 जानेवारी 1962 पासून ठेव विमा सुरू झाला. मर्यादा होती 1,500 रुपये. वाढत वाढत 1993 मध्ये ती एक लाखावर पोचली आणि 2020 पर्यंत तिथेच थांबली. हप्ता बँकेने भरायचा, शंभर रुपयांच्या ठेवीमागे वर्षाला जास्तीत जास्त 12 पैसे; तो ठेवीदाराच्या माथी मारता येत नाही.

रायगडकरांनी मात्र मर्यादेइतकाच विलंबही सोसला. पेण अर्बन बँकेवर 2010 मध्ये निर्बंध आले, परवाना रद्द झाला 2014 मध्ये. बँक अवसायनात निघेपर्यंत विम्याचा पैसा हलत नसे. मधली वर्षे ठेवीदारांनी मोर्चे आणि कोर्टकचेऱ्यांत काढली.

सप्टेंबर 2019 मध्ये निर्बंध आलेल्या पीएमसी या सहकारी बँकेच्या खातेदारांना सुरुवातीला सहा महिन्यांत हजारच रुपये काढायची मुभा मिळाली, तेव्हा दिल्ली हलली. फेब्रुवारी 2020 मध्ये विमा पाच लाखांचा झाला. त्याच वर्षी कायदा बदलून सहकारी बँकांवर रिझर्व्ह बँकेची पकड घट्ट करण्यात आली. 2021 च्या दुरुस्तीने निर्बंध लागल्यापासून 90 दिवसांत विम्याची रक्कम देणे बंधनकारक केले: 45 दिवसांत बँकेने याद्या द्यायच्या, 30 दिवसांत महामंडळाने त्या तपासायच्या, पुढच्या 15 दिवसांत पैसे. दवाखाना, कॉलेजची फी थांबत नाही; म्हणून पाचपट मर्यादेपेक्षा ही मुदतच मोठी सुधारणा.

पतसंस्था मात्र या छत्राबाहेर आहेत. पावती तशीच छापील, मॅनेजर ओळखीचा, व्याज थोडे चढे. पण महामंडळाचा विमा शून्य. ते चढे व्याज जोखमीचा मोबदला आहे, हे ठेव ठेवण्याआधीच समजून घ्यावे.