पत्र सिडनीचे, तुरुंग लंडनचा

१८२९ साली लंडनच्या 'मॉर्निंग क्रॉनिकल' या दैनिकात सिडनीहून आलेली म्हणून काही पत्रे छापून आली. वसाहतीत जमीन मुबलक आणि स्वस्त, पण ती कसायला मजूर मिळत नाहीत, असे लिहिणाऱ्याचे गाऱ्हाणे होते. मित्रहो, हा लेखक, एडवर्ड गिबन वेकफिल्ड, तेव्हा लंडनच्याच न्यूगेट तुरुंगात होता. एका श्रीमंत घरच्या मुलीला फसवून पळवून नेल्याबद्दल त्याला तीन वर्षांची शिक्षा झाली होती. ऑस्ट्रेलिया त्याने पाहिलाही नव्हता. पत्रांचे पुस्तक निघाले, त्यावर संपादक म्हणून नाव होते रॉबर्ट गूजर यांचे.

वेकफिल्डचा तोडगा साधा होता. सरकारने जमीन फुकट वाटू नये. पुरेशा किमतीला विकावी आणि त्या पैशातून मजूर जहाजाने न्यावेत. 'स्पेक्टेटर' साप्ताहिकाचे संपादक रॉबर्ट रिंटूल यांनी हे विचार उचलून धरले. १८३४ साली पार्लमेंटने दक्षिण ऑस्ट्रेलियाचा कायदा केला आणि १८३६ साली ती वसाहत उभी राहिली.

शब्दांशी रोजचा संबंध असल्यामुळे मी त्या कायद्यातल्या दोन शब्दांपाशी थांबतो. तिथली जमीन त्यात 'पडीक आणि बिनवहिवाटीची' म्हटली आहे. वास्तविक आज जिथे ॲडलेड शहर आहे, तिथे कौर्ना लोक पिढ्यान्‌पिढ्या राहत होते. इंग्रज येण्यापूर्वी ऑस्ट्रेलियाची जमीन कोणाच्याच मालकीची नव्हती, हे गृहीतक तिथल्या उच्च न्यायालयाने माबो खटल्यात फेटाळले, ते १९९२ साली. न पाहिलेल्या जमिनीविषयी लिहिलेले दोन शब्द खोटे ठरायला १५८ वर्षे लागली.