निर्वात पिशवीतील अन्न : ताजे की पर्युषित?

पिशवीतील हवा काढून घेऊन तिचे तोंड उष्णतेने बंद करणारे यंत्र आता घरोघरी येऊ लागले आहे. अशा पिशवीत ठेवलेले अन्न शिळे मानावे काय, असा प्रश्न रुग्ण आम्हांस विचारतात.

हवा काढल्याने बुरशी व कीड यांना प्राणवायू मिळत नाही आणि तेल खवट होण्याची क्रिया मंदावते. म्हणून पूर्ण वाळलेली डाळ, शेंगदाणे, सुके खोबरे यांसाठी हा उपाय उत्तम होय.

शिजवलेल्या अन्नाची गोष्ट निराळी. क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम हा जंतू प्राणवायूच्या अभावीच वाढतो. त्याचे बीजाणू साध्या उकळण्याने मरत नाहीत. त्यासाठी दाबाखाली सुमारे १२१ अंश सेल्सिअस उष्णता लागते. वरण, उकडलेला बटाटा, सोललेला लसूण असे ओलसर व आंबट नसलेले पदार्थ पिशवीत घालून फ्रीजबाहेर ठेवल्यास विष निर्माण होऊ शकते. वास वा रंग त्याची सूचना देतोच असे नाही. असे पदार्थ लगेच फ्रीजमध्ये ठेवून दोन-तीन दिवसांत संपवावेत, अन्यथा गोठवावेत. पर्युषित अन्नाचा निषेध काळाशी निगडित आहे, आणि पिशवी काळास थांबवीत नाही.

वैद्यबंधूंनी एक गोष्ट ध्यानी ठेवावी. असे अन्न सेवन केल्यावर एकाचे दोन दिसणे, पापण्या ओघळणे, गिळण्यास वा बोलण्यास त्रास होणे ही लक्षणे आढळल्यास अजीर्ण समजून वेळ दवडू नये. श्वसनाचे स्नायू दुर्बल होण्यापूर्वी प्रतिविष मिळावे, यास्तव रुग्णास तत्काळ रुग्णालयात पाठवावे.