साक्ष आणि शोध : मराठी ख्रिस्ती स्त्रियांच्या धर्मसंवादाचे स्वरूप

प्रास्ताविक

महाराष्ट्रातील ख्रिस्ती धर्मप्रसाराच्या इतिहासात बहुधा पुरुष मिशनरी, त्यांच्या शाळा, छापखाने आणि जाहीर वादविवाद यांचाच विचार होतो. स्त्रियांनी आपली श्रद्धा इतरांना कशी सांगितली, हा विषय त्या मानाने उपेक्षित राहिला आहे. प्रस्तुत लेखात पंडिता रमाबाई (१८५८-१९२२) व लक्ष्मीबाई टिळक (१८६८-१९३६) यांच्या अनुषंगाने या संवादाचे स्वरूप पाहावयाचे आहे. या दोघींचे वैशिष्ट्य असे की, दोघीही आधी शोधक होत्या आणि नंतर सांगणाऱ्या झाल्या. सांगणारी व ऐकणारी यांच्यातील नाते कोणते, यावर अशा संवादाची नैतिकता अवलंबून असते, हे त्यांच्या चरित्रांवरून दिसून येते.

माजघरातील संवाद

परपुरुषाला ज्या माजघरात प्रवेश नव्हता, तेथे स्त्रीच जाऊ शकत होती. सिंथिया फरार या अविवाहित अमेरिकन शिक्षिका १८२७ च्या अखेरीस मुंबईस आल्या व पुढे अहमदनगर येथे मुलींच्या शिक्षणाचे कार्य करीत १८६२ मध्ये तेथेच निवर्तल्या. त्यांच्यासारख्या परदेशी स्त्रियांच्या पाठोपाठ 'बायबल बाई' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या देशी स्त्रिया पुढे आल्या. घरोघर जाणे, वाचून दाखविणे, गाणी म्हणणे, अक्षरओळख करून देणे असे त्यांच्या कामाचे स्वरूप होते. ज्या घरात मुलींना पाटी मिळत नसे, तेथे धर्मकथा आणि मुळाक्षरे एकाच हातून आली. या स्त्रियांची नावे फारशी उरली नाहीत, ही खेदाची गोष्ट होय. मिशनच्या अहवालांना भेट दिलेल्या घरांच्या संख्येत जितका रस होता, तितका तेथे झालेल्या बोलण्यात नव्हता.

शोधक रमाबाई

रमाबाईंचा शोध दीर्घ होता. १८७४ मध्ये दुष्काळात आईवडील गेले, १८८० मध्ये भाऊ आणि १८८२ मध्ये पती. सिल्चर येथे घरातच हाती आलेले लूकचे बंगाली शुभवर्तमान, पुण्यात इंग्रजीसोबत मराठी 'नवा करार' शिकविणाऱ्या मिस हरफर्ड, नीलकंठशास्त्री (नेहेम्या) गोरे यांच्याशी झालेल्या चर्चा असे टप्पे त्यांनीच पुढे सांगितले आहेत. १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. तेथे वाँटेजच्या भगिनीसंघाने लंडनमधील फुलहॅम येथे समाजाने टाकलेल्या स्त्रियांसाठी चालविलेले कार्य त्यांनी पाहिले. या करुणेचे मूळ कोठे, असे त्यांनी विचारले असता त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातील शोमरोनी स्त्रीची कथा वाचून दाखविण्यात आली. येथे आधी कृती दिसली, प्रश्न ऐकणारीने विचारला आणि मगच कथा आली. हा क्रम महत्त्वाचा आहे. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

तथापि, त्यांची जिज्ञासा बाप्तिस्म्याने थांबली नाही. सिस्टर जेराल्डिन यांच्याशी झालेल्या पत्रव्यवहारात रमाबाई त्रैक्याच्या सिद्धांताबद्दल शंका विचारतात, शाकाहार सोडण्यास नकार देतात आणि चर्चच्या अधिकाऱ्यांची आज्ञा ही सद्‍विवेकबुद्धीच्या वरची मानीत नाहीत. जेराल्डिनबाईंना हा अहंकार वाटला. आजच्या वाचकास त्यात बौद्धिक प्रामाणिकपणाच अधिक दिसेल.

शारदा सदनाचा प्रश्न

११ मार्च १८८९ रोजी रमाबाईंनी मुंबईत शारदा सदन सुरू केले. पुढल्याच वर्षी ते पुण्यास हलविले. अमेरिकेतील साहाय्यक मंडळाचे धोरण संस्था धर्मनिरपेक्ष ठेवण्याचे होते. मुलींना आपापले आचार पाळण्याची मोकळीक होती. मात्र रमाबाई स्वतः प्रार्थना करीत आणि त्या वेळी खोलीचे दार उघडे असे. काही मुली आपणहून येऊन बसू लागल्या. यावरून वाद पेटला, 'केसरी'ने टीकेची झोड उठविली आणि १८९३ मध्ये न्या. रानडे व डॉ. भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. अनेक पालकांनी मुली काढून नेल्या.

या प्रकरणाकडे केवळ सनातनी विरोध म्हणून पाहणे अपुरे ठरते, कारण रानडे व भांडारकर हे सुधारकच होते. रमाबाईंची भूमिकाही समजण्याजोगी आहे : स्वतःच्या घरात चोरून प्रार्थना का करावी? परंतु दार उघडे ठेवणारी व्यक्ती संस्थेची चालक होती आणि दाराशी येणारी मुलगी बहुधा आश्रित बालविधवा होती. वाशीसारख्या शहरात विविध प्रांतांची व धर्मांची कुटुंबे एकाच इमारतीत राहतात. तेथे शेजारीण श्रद्धेविषयी बोलू लागली, तर ऐकणारीस 'पुरे' म्हणून विषय बदलता येतो. अन्न, निवारा व शिक्षण ज्यांच्याकडून मिळते, त्यांच्यापुढे तितके सहज 'पुरे' म्हणता येईल काय? वर्गात विद्यार्थ्यांसमोर उभे राहणाऱ्या अध्यापकांना या प्रश्नाचे गांभीर्य वेगळे सांगावयास नको.

दुसरी बाजूही नोंदविली पाहिजे. सदनातील आरंभीच्या विधवा विद्यार्थिनींपैकी गोदूबाई तेथे राहून शिकल्या, हिंदूच राहिल्या आणि १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांच्याशी विवाह करून आनंदीबाई झाल्या. म्हणजे त्या वातावरणात 'नाही' म्हणणेही शक्य होते. १८९६-९७ च्या दुष्काळानंतर केडगाव येथे उभी राहिलेली 'मुक्ती' मात्र उघडपणे ख्रिस्ती संस्था होती. तेथे संदिग्धता उरली नाही. उपासमारीतून वाचलेल्या स्त्रियांचे अवलंबित्व तर अधिकच होते.

भारतीय संविधानाच्या अनुच्छेद २५ मध्ये धर्माचा प्रसार करण्याचा हक्क आहे. स्टॅनिस्लॉस विरुद्ध मध्य प्रदेश राज्य (१९७७) या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तत्त्वे सांगून धर्म पसरविणे त्यात अंतर्भूत मानले, मात्र दुसऱ्याचे धर्मांतर घडविणे हा मूलभूत हक्क मानला नाही. शारदा सदनाच्या उंबरठ्यावर हीच सीमारेषा अस्पष्ट झाली होती.

लक्ष्मीबाईंचा सावकाश प्रवास

नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, तेव्हा लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळले. काही वर्षे त्या दूर राहिल्या. परत आल्यावरही सोवळेओवळे व स्वयंपाक वेगळा ठेवला. जातिभेद ईश्वराने नव्हे, माणसाने केला, हा विचार त्यांच्या मनात स्वतंत्रपणे पक्का झाला आणि १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. 'स्मृतिचित्रे'मध्ये हा प्रवास त्यांनी उपदेशाचा सूर न लावता, स्वतःची फजिती सांगत लिहिला आहे. ज्या वाचकाला धर्मांतर मुळीच मान्य नाही, तोही हे पुस्तक प्रेमाने वाचतो. टिळकांच्या निधनानंतर (१९१९) अपुरे राहिलेले 'ख्रिस्तायन' त्यांनी ओवीतच पुढे नेले. शालेय शिक्षण न लाभलेल्या या स्त्रीने परक्या मानलेल्या कथेला घरातला छंद दिला.

रमाबाईंनी याच काळात उलट दिशेने तीच वाट गाठली. संस्कृत विद्वत्तेमुळे 'पंडिता' ठरलेल्या या स्त्रीने हिब्रू व ग्रीक शिकून संपूर्ण बायबलचे मराठी भाषांतर केले, ते नुकतेच वाचू लागलेल्या बायकांना कळेल अशा साध्या भाषेत. संस्कृतप्रचुर शब्द त्यांनी हेतुपुरस्सर टाळले. छपाईचे काम 'मुक्ती'मधील स्त्रियांनीच केले. संपूर्ण ग्रंथ १९२४ मध्ये, रमाबाईंच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी, बाहेर पडला.